बारवी की बारव? : फोनवर पाठवलेल्या एका ओवीची पाठचिकित्सा

मोठी चित्रफीत मोबाईलवर पाठवणे आणि ती तिथे सुरळीत चालवणे, हा तंत्राचा प्रश्न आहे असे आपण सारे गृहीत धरतो. घरातल्या एखाद्या जाणत्या मुलाच्या हाती फोन द्यावा, त्याने काय ती खटपट करावी आणि फोन परत द्यावा, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. मराठीच्या विद्यार्थ्याने वा अध्यापकाने त्यावर चार शब्द लिहावेत असे त्यात काही आहे, असे मलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत वाटत नव्हते. आज माझे मत नेमके उलटे आहे. ज्या दिवसापासून आपली मौखिक परंपरा, आपले प्रयोग आणि आपल्या माणसांचे आवाज चित्रफितींच्या रूपाने हातोहाती फिरू लागले, त्या दिवसापासून हा प्रश्न पाठचिकित्सेच्या दालनात आला आहे. चित्रफीत पाठवणारा प्रत्येक जण संपादक असतो. तो कापतो, दाबतो, रूपांतर करतो; फक्त आपण संपादन करतो आहोत याची जाणीव त्याला नसते. हे मत मला ग्रंथवाचनातून मिळालेले नाही. ते एका चुकीतून मिळाले, आणि ती चूक माझी होती.

बदलापूरच्या पश्चिमेला बेलवली हे गाव आहे. आता त्याला गाव म्हणायचे ते जुन्या सवयीने. इमारतींनी ते केव्हाच वेढले. माझी मोठी मावशी लग्न होऊन तिथे आली ती मुरबाड तालुक्यातल्या माझ्या आजोळाहून. २००६ च्या मे महिन्यात मी एक मिनी-डीव्ही कॅमेरा उसना घेऊन तिच्याकडे गेलो. घरात पिठाची गिरणी परवडत असूनही तिने जाते मोडीत काढले नव्हते. 'पीठ गिरणीचं, पण गाणं जात्याचं' असे ती म्हणे. त्या दुपारी तिने ४२ मिनिटे दळले आणि २९ ओव्या म्हटल्या. मधून मधून थांबली, खुंट्यावर हात ठेवून बसली, काही बोलली, काही नुसतीच आठवत राहिली. ती कॅसेट मी पुढे संगणकावर उतरवून घेतली. त्या प्रकारच्या नोंदीला तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. आमची फाइल ९ जीबींच्या आसपास भरली.

मावशी २०१४ साली गेली. वर्षश्राद्धाच्या सुमारास मावसबहिणीचा फोन आला, "दादा, आईचं ते दळण मोबाईलवर पाठव ना. सगळ्यांना बघायचंय." तेव्हा ज्या संदेशसेवेवरून आमचे सारे कुटुंब बोलत असे, तिच्यावर चित्रफितीला १६ एमबींची मर्यादा होती. हिशेब करून पाहावा : ४२ मिनिटांचे चित्र आणि आवाज १६ एमबींत बसवायचे तर सेकंदाला जेमतेम ५० किलोबिट वाट्याला येतात. मूळ नोंदीत नुसत्या चित्रालाच सेकंदाला २५ मेगाबिट मिळाले होते. पाचशेव्या हिश्शात मावशी मावणार नव्हती. मग मी जे सारे करतात तेच केले. मधला तीन मिनिटांचा एक तुकडा कापला, दाबला आणि पाठवला. त्यात दोन ओव्या पूर्ण होत्या. तिसरी सुरू होण्याआधीच, मावशी थांबते तिथे, मी कात्री चालवली होती. कारण थांबलेल्या माणसाला पाहण्यात कुणाला काय रस, असे मला वाटले.

तो तुकडा घरोघर फिरला. वर्षश्राद्धाला तो सगळ्यांनी पाहिला, कुणी डोळे पुसले. ९ जीबींची फाइल माझ्या कपाटातल्या डिस्कवर पडून राहिली. तब्बल आठ वर्षांनी, २०२३ साली, मावसबहिणीच्या मुलीचा फोन आला. ती मराठी घेऊन एम. ए. करीत होती, आणि आजीच्या ओव्यांवर तिने चर्चासत्रासाठी निबंध लिहायला घेतला होता.

"मामा, आजीच्या माहेरी बारव कुठे होती?"

"बारव? आपल्या गावात बारव नव्हती गं. एक साधी विहीर होती, तीही पाटलांच्या वाड्यामागे."

"पण आजी तर म्हणतेय ना, बारवेच्या पाण्यात म्हणून. मी त्यावर दोन पानं लिहिलीत. पाणवठा, सख्या, लेकीबाळींची एकान्ताची जागा…"

मी डिस्क काढली आणि मूळ फाइल लावली. मावशी 'बारवेच्या' म्हणत नव्हती. ती 'बारवीच्या' म्हणत होती.

ज्यांना त्या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. बारवी ही नदी, आणि तिच्यावर १९७० च्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने धरण बांधले. ठाणे जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना त्याचे पाणी जाते. त्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांत माझ्या आजोळची भाताची खाचरे होती. मावशीच्या ओवीत माहेरची वाट बारवीच्या पाण्यात उतरते आणि दिसेनाशी होते. ती वाट पाण्याला जात नव्हती. पाण्यात गेली होती. आणि त्या ओवीनंतरच मावशी थांबते. जवळजवळ दोन मिनिटे जाते बंद असते. मग ती साध्या बोलण्यात सांगते की भावाने तिला पहिल्यांदा नेऊन ते पाणी दाखवले तेव्हा त्याने बोट कुठे केले होते. हा सगळा भाग मी कापला होता. एका मात्रेचा फरक : ईकाराच्या जागी एकार. विस्थापनाचे गाणे पाणवठ्याचे गाणे झाले. भाचीने लिहिलेली दोन पाने त्या पाठासाठी योग्यच होती. तिचा दोष एवढाच की तिला मिळालेली प्रत हीच संहिता आहे असे तिने धरले. आणि ती तशी नाही हे तिला सांगण्याची जबाबदारी माझी होती.

हा पाठभेद कसा जन्मला हे समजून घेण्यासारखे आहे. चित्रफीत दाबणारे यंत्र प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक चित्र पूर्ण ठेवते आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढे टिपते. म्हणून स्थिर भिंत त्याला स्वस्त पडते, आणि सतत बदलणारे सारे महाग : पाऊस, नदीचे पाणी, उधळलेला भंडारा, जात्यातून झरणारे पीठ. जागा कमी पडली की आधी हेच जाते. आमच्या तुकड्यात पीठ दिसतच नाही. जात्याच्या कडेला एक पांढरट ठिगळ थरथरते. मावशीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या यंत्राने पुसून टाकल्या आणि ती दहा वर्षांनी तरुण झाली. आवाजाचेही तेच. जे ऐकू येणार नाही असे यंत्राला वाटते ते ते आधी टाकून देते. जागा आणखी आवळली की ऐकू येणारेही बोथट करते. वर जात्याची घरघर. अशा वेळी 'वी' आणि 'वे' यांतले अंतर कितीसे उरणार? यंत्राला बारवी ठाऊक नाही. ते अर्थ ऐकत नाही.

आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहाती नकलल्या जात असताना तिचा पाठ इतका बिघडला की एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, निरनिराळ्या प्रती पाहून तो शुद्ध करावा लागला, आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घुसवू नये असे बजावावे लागले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. एवढी वर्षे विद्वान मंडळी काय करीत होती? कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, कुठे काय गळले, कुठे काय शिरले, हेच शोधत होती. आपल्या फोनमधल्या चित्रफितीही एकमेकींवरूनच उतरलेल्या आहेत. प्रत्येक वेळी पुढे धाडताना ती फीत पुन्हा दाबली गेली असण्याची शक्यता असते. फरक इतकाच की पोथीचा लेखनिक शेवटी पुष्पिका लिहीत असे : कुठे, केव्हा, कुणासाठी ही नक्कल केली, आणि जसे समोर दिसले तसे उतरवले, दोष मला देऊ नये, असे नम्रपणे सांगून टाकी. फोनवरची प्रत पुष्पिका लिहीत नाही. उलट असलेली पुसते. आमच्या तुकड्याला पाठवणीच्या दिवसाची तारीख नावातच चिकटली होती. त्यामुळे भाचीच्या निबंधात पहिल्या मसुद्यात ते ध्वनिमुद्रण २०१५ सालचे ठरले होते. तेव्हा मावशी हयातच नव्हती.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लहान तुकडे म्हणजे केवळ नुकसान का? नाही. त्याचा पुरावा बेलवलीपासून जवळच आहे. २०१९ च्या २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकली. प्रवाशांनी डब्यांतून मोबाईलवर टिपलेल्या छोट्या चित्रफिती २७ तारखेला सर्वत्र फिरल्या. हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका झाली. त्या वेळी कुणी प्रवासी उत्तम दर्जाची तासाभराची नोंद पाठवायला बसला असता तर ते हास्यास्पद ठरले असते. चारी बाजूंनी पाणी, फोनची बॅटरी संपत आलेली : तिथे काही सेकंदांचा धूसर तुकडाच योग्य. त्यात पाणी चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसले तरी बिघडत नव्हते; पाणी आहे एवढे कळणे पुरेसे होते. तसेच २०२१ च्या १७ एप्रिलला वांगणी स्थानकात मयूर शेळके या पॉइंट्समनने रुळांवर पडलेल्या लहान मुलाला समोरून गाडी येत असताना वर ढकलले आणि स्वतःही वर आला. स्थानकाच्या कॅमेऱ्याने टिपलेली ती फीत देशभर पाहिली गेली. ती काही सेकंदांचीच आहे, आणि पूर्ण आहे. तिच्या आधी-नंतर काही जोडून तिचा अर्थ वाढत नाही.

तेव्हा लांबी हा निकष नव्हे. वार्ता आणि संहिता यांतला भेद हा निकष आहे. वार्ता पोहोचली की तिचे काम झाले. संहितेचे काम पोहोचल्यावर सुरू होते. ती पुन्हा पुन्हा वाचायची असते, तिच्यातले मौनही वाचायचे असते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटात कॅमेरा दीर्घकाळ जागेवरून हलत नाही. त्याचे तीन मिनिटांचे 'सार' काढणे म्हणजे त्याला नाकारणेच. जात्यावरच्या ओवीचेही तसेच आहे. एक ओवी आणि दुसरी ओवी यांच्यामध्ये बाई काय करते, हा ओवीचाच भाग असतो. आपण संहितेला वार्तेसारखे वागवतो, आणि मग लोकांना लांब काही पाहवत नाही अशी तक्रार करतो. लांब काही आपण पाठवतो कुठे?

यावर कुणी म्हणेल, पाठवून उपयोग काय, ते फोनवर चालत तर नाही. हाही अनुभव मी घेतला. भाचीच्या फोननंतर मी ठरवले की बेलवलीच्या घरी संपूर्ण दळण पोहोचवायचे. ९ जीबींची फाइल केबलने फोनच्या मेमरी कार्डावर टाकू गेलो तर फाइल फार मोठी आहे असा संदेश आला, कार्डावर जागा असूनही. ३२ जीबींपर्यंतची बहुतेक कार्डे ज्या जुन्या पद्धतीने आखलेली असतात, तिच्यात एक फाइल ४ जीबींपेक्षा मोठी राहूच शकत नाही. मग मी ती एका नव्या पद्धतीने दाबून लहान केली आणि पाठवली. मावसबहिणीचा फोन आला, "दादा, आई ऐकू येते, पण दिसत नाही." चित्रफितीच्या फाइलीचे नाव सांगते तो नुसता डबा असतो, आत चित्र कोणत्या पद्धतीने भरले आहे ते वेगळेच. एकाच एमपीफोर डब्यात एच. २६४ असेल किंवा त्यानंतरची एच. २६५ असेल. तिचा जुना फोन दुसरी जाणत नव्हता. त्याला आवाज कळला, चित्र कळले नाही.

तेव्हा मला स्टेशनबाहेरची मोबाईलची दुकाने आठवली. स्वस्त इंटरनेट घरोघर पोहोचण्यापूर्वी, म्हणजे साधारण २०१६ पर्यंत, या दुकानांत मेमरी कार्डावर गाणी आणि चित्रपट भरून मिळत. त्यांतला बराच माल चोरीचा होता. त्याचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. पण कार्ड हातात घेताच दुकानातला मुलगा पहिला प्रश्न विचारी, "हँडसेट कुठला?" समोरच्याच्या हातातल्या यंत्रावर काय चालेल हे जाणून मगच तो भरायला घेई. आपण, संहितेचे म्हणवणारे लोक, हा प्रश्न कधी विचारत नाही. आपण आपल्या सोयीने पाठवतो, आणि समोरच्याकडे ते उघडत नसेल तर त्याच्या फोनला नावे ठेवतो.

शेवटी मी तिसरी प्रत केली : एच. २६४ पद्धतीची, सेकंदाला ५ मेगाबिट, १.६ जीबी, सबंध ४२ मिनिटे. आणि मूळ फाइल व ही प्रत अशा दोन्ही एका पेन ड्राइव्हवर घेऊन मी स्वतः लोकलने बदलापूरला गेलो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. दीड तासात ९ जीबी म्हणजे सेकंदाला सुमारे १३ मेगाबिट : मध्य रेल्वेची ही क्षमता कुठल्या जाहिरातीत दिसत नाही! बदलापूर हे नाव तिथे घोडे बदलले जात म्हणून पडले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, मला ती त्या दिवशी जवळची वाटली. घोडा बदलावा लागतो. वाटेत स्वार बदलू नये, एवढीच काळजी घ्यायची असते.

या खटपटीतून माझ्या हाती जे आले ते तीन शब्दांत मांडता येईल : मातृप्रत, वाचनप्रत आणि फिरती प्रत. मातृप्रत म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल. ती कुणाला पाठवायची नसते, पण दोन ठिकाणी तरी जपायची असते. वाचनप्रत म्हणजे संपूर्ण लांबीची, समोरच्याच्या फोनवर चालेल अशी रूपांतरित प्रत. हीच पाठवायची. आज ते अवघड राहिलेले नाही. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये दस्तऐवज म्हणून पाठवायच्या फाइलीची मर्यादा २ जीबींपर्यंत वाढवली, आणि चित्रफीत 'चित्रफीत' म्हणून न पाठवता 'दस्तऐवज' म्हणून पाठवली की ती वाटेत पुन्हा दाबली जात नाही. दोन पर्यायांतला हा फरक एम. ए.च्या वर्गात शिकवावा इतका महत्त्वाचा आहे. तिसरी फिरती प्रत, म्हणजे तुकडा. तो अवश्य पाठवावा, पण पुष्पिकेसह : कोण गाते, कुठे, कोणत्या साली, एकूण लांबी किती, आणि हा तुकडा कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंतचा. दोन ओळींचे काम आहे. मी २०१५ साली त्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर भाचीने पहिल्याच दिवशी विचारले असते, "मामा, बाकीची एकोणचाळीस मिनिटं कुठे आहेत?"

हे अशक्य कोटीतले नाही याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संग्रहातर्फे क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या, तेव्हा ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गावही आले. ओवी कुणाची, कुठली, हे विसरू न देणे हीच त्या कामाची थोरवी. संस्थांनी एवढे केले. घराघरांतल्या ज्या नोंदी कुठल्याही संग्रहात जाणार नाहीत, त्यांचे संग्राहक आपणच आहोत. आपल्या विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये आज्यांची गाणी आहेत, गावच्या भजनांच्या, दशावताराच्या, सोंगी भारुडांच्या फिती आहेत. त्यांतल्या किती मातृप्रती आहेत आणि किती तुकड्यांचे तुकडे, हे त्यांना विचारून पाहावे.

भाचीने निबंध नव्याने लिहिला. पहिली दोन पाने तिने फाडली नाहीत. पाठ कसा बदलतो याचे उदाहरण म्हणून ती परिशिष्टात घातली. मला तिचा हा निर्णय माझ्या सगळ्या विवेचनापेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो.

बेलवलीच्या घरी त्या संध्याकाळी मावसबहिणीने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि सबंध दळण पाहिले. मावशी थांबते ती दोन मिनिटे आली तेव्हा तिच्या धाकट्या नातवाला वाटले की फीत अडकली. त्याने पडद्यावर बोट नेले.

"राहू दे रे," मावसबहीण म्हणाली. "आई आठवतेय."